अमेरिकेतल्या खाणीच्या गावात ४५ वर्षांवर राहिलेले फिलिपिनो डॉक्टर, आणि त्यांच्या जागी जाऊ का म्हणून विचारणारी आमची भाची

विश्रामबागचा_मामा

नमस्कार मंडळी. सांगलीतनं लिहितोय. जरा मोठं होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझी भाची मिरजेच्या सरकारी कॉलेजातनं एमबीबीएस झाली. सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष तिनं जत तालुक्यातल्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं, मग परीक्षा देऊन अमेरिकेला गेली, ओहायोत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करतीये, येत्या जूनला संपेल. व्हिसा जे-वन. त्यात अट अशी असते की शिक्षण झालं की दोन वर्षं मायदेशी जाऊन राहायचं, नाहीतर जिथं डॉक्टर टिकत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं म्हणजे ती अट माफ होते. वेव्हर म्हणतात त्याला. तर तिला अशी एक जागा मिळतीये वेस्ट व्हर्जिनियात. डोंगराच्या घळीत कोळशाच्या खाणीचं गाव, वस्ती तीन हजारसुद्धा नाही, आणि खाणी बंद पडत चालल्यात त्यामुळं तीही कमी होतीये.

त्या गावात सध्या जे डॉक्टर आहेत ते फिलिपिन्सचे. वय ७७. १९७९ पासून त्याच गावात. भाची जागा बघायला गेली तेव्हा दोन दिवस त्यांच्याच घरी राहिली. परत आल्यावर मला फोन केला तो दीड तास चालला आणि त्यातला सव्वा तास ती त्या डॉक्टरांबद्दलच बोलत होती, पगाराचं मी विचारल्यावर सांगितलं.

डॉक्टर शिकले मनिलात, सांतो तोमास विद्यापीठात. ते विद्यापीठ १६११ सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचं. १९७२ ला राष्ट्राध्यक्ष मार्कोसनं तिकडं मार्शल लॉ लावला, घरात खाणारी तोंडं नऊ आणि हे थोरले, म्हणून १९७४ ला अमेरिकेला आले. पाच वर्षं कमवू, भावंडांची शिक्षणं करू आणि परत जाऊ, एवढाच विचार. ती पाच वर्षं मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात नाइट ड्युट्या करण्यात गेली, मग कुणीतरी सांगितलं की खाणीच्या गावाला डॉक्टर पाहिजे, तर तिथं गेले. पहिल्या वर्षी काही पेशंट दारातनं आत बघून परत फिरायचे. काही जण म्हणायचे यांचं बोलणं आम्हाला कळत नाही, आणि यांनाही त्यांचं कळायचं नाही कारण डोंगरातली इंग्रजी वेगळीच. मग त्यांनी एक वही केली. पेशंट दुखण्याला जो शब्द वापरेल तो जसाच्या तसा लिहायचा, पुढं त्याचा अर्थ. ती वही अजून ड्रॉवरमध्ये आहे, भाचीला काढून दाखवली. भाची म्हणाली, मामा, जतला मी पण अशीच वही केली होती, म्हातारी माणसं कानडी मराठी मिसळून बोलायची तेव्हा.

खाणीत काम केलेल्यांच्या फुप्फुसात कोळशाची धूळ बसते, तिकडं ब्लॅक लंग म्हणतात. १९६९ च्या कायद्यानं त्याची भरपाई आहे, पण मिळवायची म्हणजे एक्स-रे, श्वासाच्या तपासण्या, ढीगभर फॉर्म, आणि समोर कंपनीचे वकील. हे डॉक्टर रविवारी दुपारी घरी जेवायच्या टेबलावर बसून लोकांचे फॉर्म भरतात. त्याचे पैसे घेत नाहीत. जुलै २००१ ला त्या भागात मोठा पूर आला होता, तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये खाटा टाकून दवाखाना चालवला, घरी गेलेच नाहीत. हे ऐकून मला आपला २०१९ चा ऑगस्ट आठवला, आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, भाची तेव्हा शिकत होती आणि शिबिरात गोळ्या वाटत फिरायची, चप्पल कुठं वाहून गेली तेही तिला कळलं नव्हतं.

आता अडचण सांगतो. डॉक्टरांनी भाचीला एक गोष्ट सांगितली आणि ती तिनं आईला सांगितली, तिथं सगळं अडलं. फिलिपिन्समध्ये माणूस गेलं की लगेच नेत नाहीत. मसाला भरून घरात ठेवतात, परदेशातली पोरं येईपर्यंत थांबतात, रोज रात्री शेजारीपाजारी जागायला येतात. त्यामुळं आईच्या वेळी डॉक्टर पोचले. वडिलांच्या वेळी मात्र गावात बर्फ, रस्ता बंद, फ्लूची साथ आणि दुसरा डॉक्टर नाही. घरच्यांनी अकरा दिवस वाट बघितली. ते गेले नाहीत.

आमचे दाजी दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेले. भाची पोचली ती तिसऱ्या दिवशी, सावडायला. आपल्यात थांबत नाहीत. विमानतळावरनं ती सरळ घाटावर आली. तर आमची आक्का आता एकच म्हणतीये, तो डॉक्टर पण पाच वर्षांसाठीच गेला होता.

दाजी नाहीत त्यामुळं मला काहीतरी सांगायला लागणार आहे आणि मला समजत नाही. इथं कुणी अशा लहान गावात परका डॉक्टर म्हणून राहिलंय का? किंवा असे फिलिपिनो डॉक्टर जवळनं बघितलेत का? माणूस तिथं कसा राहतो, काय लागतं त्याला, हे सांगा. पैशाचं नका सांगू, ते कळलंय.

वाईची_डॉक्टर

मामा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी मूळ वाईची, गेली १८ वर्षं दक्षिण इलिनॉयमध्ये एका शेतकरी गावात बालरोगतज्ज्ञ आहे. मी पण वेव्हरवरच आले आणि माझ्या आधी इथं एक फिलिपिनो डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याच हाताखाली मी गाव शिकले. डॉक्टरकी शिकून आले होते, गाव शिकायचं राहिलं होतं.

आधी एक सांगते, अमेरिकेतल्या आडगावांत फिलिपिनो डॉक्टर इतके का दिसतात. १८९८ ते १९४६ तो देश अमेरिकेच्या ताब्यात होता, मेडिकलचं शिक्षण इंग्रजीत आणि अमेरिकन धर्तीवर. १९४८ पासून एक्स्चेंजवर माणसं यायला लागली, १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा आला तेव्हा डॉक्टर-नर्स लोकांना सरळ ग्रीन कार्ड मिळायला लागलं. मग १९७६ ला कायदा कडक केला. तुमचे डॉक्टर १९७४ ला आले म्हणजे दार बंद व्हायच्या आधी आत आलेली ती पिढी. शहरातल्या चांगल्या जागा इथल्या पोरांना, आणि खाणी, मिल, शेतीची गावं या फिलिपिनो डॉक्टरांना. यांनी ती गावं धरून ठेवली. हे इथं फार कुणी बोलून दाखवत नाही म्हणून मी लिहितेय.

आमच्या बाईंचं सांगते. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला दवाखाना दाखवलाच नाही, दुकानात नेलं, शाळेत नेलं, धान्याच्या कोठारावर नेलं, फ्युनरल होममध्ये नेलं. म्हणाल्या की इथं पेशंट मेला तर तू मयताला जायचं, पाच मिनिटं का होईना, मागं उभं राहायचं. मला तेव्हा कळलं नाही. आता मी १८ वर्षांत किती मयतांना गेले त्याचा हिशोब नाही, आणि लोक मला आपली समजतात ते त्यामुळंच, औषधामुळं नाही.

त्रास पण सांगते. सुट्टी अशी नसते. किराणा घेताना लोक पोराचा शर्ट वर करून पुरळ दाखवतात. तुमचं भांडण, तुमची गाडी, तुमच्या घरी कोण आलं, सगळं गावाला माहीत. आणि तुम्ही चुकलात तर तेही. एक निदान माझ्याकडनं उशिरा झालं होतं, मूल वाचलं, पण त्याची आजी मला दर शनिवारी चर्चच्या भाजीबाजारात भेटायची. ती काही बोलली नाही कधी. मी मात्र वर्षभर त्या बाजारात जाताना पोटात गोळा घेऊन गेले, आणि तरी गेले.

भाचीला करार वाचताना या गोष्टी नीट विचारायला सांगा. ऑन-कॉल महिन्यातून किती रात्री, आणि ती रजेवर गेली तर तिच्या जागी कोण येणार, त्या माणसाचा बंदोबस्त कोण करणार, हे लेखी पाहिजे. तुमच्या डॉक्टरांच्या वडिलांच्या वेळचं जे झालं ते नेमकं या एका ओळीच्या अभावी झालं. दुसरं, म्हातारे डॉक्टर ती आली की दुसऱ्या दिवशी निवृत्त होणार का? तसं असेल तर ही जागा नको, असं माझं मत. निदान सहा महिने, वर्ष, त्यांनी आठवड्यातून दोन दिवस तरी बसावं. वेव्हर राज्याच्या कोट्यातनं आहे की अपलाचिया या डोंगरपट्ट्याच्या कमिशनकडनं तेही विचारा, वेस्ट व्हर्जिनिया अख्खं राज्य त्या भागात येतं त्यामुळं दोन्ही वाटा असतात. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, त्यासाठी वकील तिचा स्वतःचा पाहिजे, मालकाचा नको.

साताऱ्याची_सून

वाईच्या ताईंनी डॉक्टरच्या बाजूनं लिहिलं, मी घरातनं लिहिते.

माझे मिस्टर डॉक्टर, आम्ही ११ वर्षं अशाच एका गावात राहिलो, आता साताऱ्यात परत आलोय. मी एमएस्सी, पण माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. मिस्टरांना पहिल्या वर्षातच गाव मिळालं. त्यांना दिवसाला वीस माणसं भेटायची, विचारायची, हात हातात घ्यायची. मला कोण होतं? खिडकी होती. डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडायचा. मी सदरबझारच्या घरातनं गेलेली, जिथं सकाळी दार उघडलं की चार बायका बोलतात.

मला वाचवलं ते तिथल्या फिलिपिनो सर्जनच्या बायकोनं. ती स्वतः मनिलाची नर्स. एक दिवस दार वाजवून आत आली, हातात डबा, आणि म्हणाली तुमच्या घरातनं लसणीचा वास येतो म्हणून आले. तिच्या घरी शेवगा होता, कुंडीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. बर्फात बाहेर टिकत नाही म्हणून आत. त्या लोकांत शेंगा फार खात नाहीत, पाला खातात, कोंबडीच्या रश्श्यात आलं घालून वरनं पाला टाकायचा. कारलं पण खातात, चिंचेचं आंबट सार पण. वाळवलेले मासे तळायचे असले की ती मला फोन करायची, माझ्या घराच्या मागं कुणी राहत नव्हतं ना, माझ्या मागच्या अंगणात शेगडी मांडून आम्ही दोघी तळायचो. तिच्या आधीच्या घरी शेजाऱ्यांनी त्या वासावरनं पोलिसांना बोलावलं होतं. हे सांगताना ती हसत नव्हती, ३० वर्षांनी सुद्धा.

तिची तीन मुलं. तिघं शिकून मोठ्या शहरांत. गाव त्यांचं, शाळा त्यांची, तरी एकालाही तिथं राहायचं नव्हतं. आणि त्यांना तागालोग येत नाही, कळतं फक्त. ती म्हणायची की आम्ही दोघं आजारी पडलो आणि म्हातारपणी इंग्रजी विसरलो तर मुलांशी काय बोलणार. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचा. त्या रात्री मी मिस्टरांना म्हटलं की आपण परत जायचं. तरी पाच वर्षं गेली त्यात.

मामा, भाचीचं लग्न व्हायचं असेल तर हा विषय आधी बोला. ती रमेल. तिच्याबरोबर येणारा माणूस तिथं दिवसभर काय करणार हे तिनं स्वतः विचारलं पाहिजे, आईनं नाही.

गलाई_विटा

मामा राम राम. मी डॉक्टर नाही, गलाईवाला हाय. आपल्या खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरल्यात हे तुम्हाला माहीतच हाय. आमचा बाप १९७८ ला गेला केरळात, एका बारक्या गावात, सराफ लाइन म्हणजे सहा दुकानं. मी तिथंच वाढलो. म्हणून लिहायला धीर केला.

तुमच्या डॉक्टरांची वही वाचली आणि अंगावर काटा आला. बापाची पण वही होती. त्यात मल्याळी शब्द देवनागरीत लिहिलेले, पयला शब्द "वेळ्ळम", म्हणजे पाणी. दुकानात ॲसिडचा धूर, घरी कुणी बोलायला नाही, आई इकडं गावाकडं आजीजवळ. बाप सांगायचा की पयल्या वर्षी लोक सोनं देताना समोर उभं राहायचे, हलायचे नाहीत, परका माणूस चोरंल म्हणून. टंच, म्हणजे सोन्याचा कस, बरोबर काढायचा, ग्रॅमचा फरक नाही, असं सात-आठ वर्षं केल्यावर लोक चिठ्ठीत बांधून पोराच्या हातनं सोनं पाठवायला लागले. तेवढा येळ लागतोय. तीन वर्षात ते होत नाही, हे माझं मत स्पष्ट सांगतो. तीन वर्षात भाची फक्त दारापर्यंत जाईल.

आणि आक्कांचं दुःख मला कळतंय. बाप तिकडंच गेला, २०१४ ला. आम्ही गाडी करून १४-१५ तास बॉडी आणायची म्हणत होतो. तर तिथल्या सराफांनी सांगितलं की सेठ इथलेच हायत. अख्खी लाइन बंद. नारळाच्या झावळ्या त्यांनीच आणल्या, खांदा त्यांनीच दिला. तरी आईनं मला आजपर्यंत माफ केलं नाही की गावच्या नदीला आणलं नाहीस. दोन्ही गोष्टी खऱ्या हायत. विट्यात आम्ही बंगला बांधलाय, वर्षातनं जत्रेला पंधरा दिवस उघडतोय.

त्या डॉक्टरांनी तिकडं फिलिपिन्सला घर बांधलंय का, एवढं भाचीला विचारायला सांगा. त्याच्यावरनं माणसाच्या मनात काय चाललंय ते कळतंय.

दावावहून_परत

मी साताऱ्याचा, फिलिपिन्समध्ये दावावला शिकलोय, आता माण तालुक्यात काम करतो. हो, एफएमजीई, म्हणजे बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरांना इथं द्यावी लागते ती परीक्षा देऊनच, ३०० पैकी १५० लागतात, दुसऱ्या वेळी निघाली. इथं लोक फिलिपिन्स म्हटलं की "पैसे भरून केलेली डिग्री" एवढंच बोलतात म्हणून त्या देशाबद्दल दोन गोष्टी लिहाव्या वाटल्या.

सगळ्यात आधी, त्यांच्यात आपलं बरंच आहे. तागालोगमध्ये चेहऱ्याला "मुखा" म्हणतात, आशेला "आसा", शिक्षकाला "गुरो". पहिल्यांदा वॉर्डात ऐकलं तेव्हा मी सिस्टरला परत म्हणायला लावलं. मोठ्या माणसाचा हात घेऊन कपाळाला लावतात, आपण पाया पडतो तसं. थोरल्या भावाला कुया, बहिणीला आते, नुसतं नाव घेऊन कुणी बोलत नाही. मनिलाकडं प्रत्येक वाक्याला "पो" लावतात, आपलं "अहो" म्हणा, दावावकडं बिसाया भाषेत ते नाही, तिथं माणसं आवाजातनंच मान देतात. भाचीला त्या घरात परकं वाटलं नसेल तर त्याचं कारण हे आहे.

दुसरं जरा जड आहे. माझे तिथले सर एकदा म्हणाले होते, आम्ही डॉक्टर पिकवतो आणि दुसरे खातात. २००४ ला त्यांच्या मेडिकल बोर्डाच्या लायसन्स परीक्षेत देशात पहिला आलेला डॉक्टर नर्स म्हणून अमेरिकेला गेला. नर्स म्हणून! त्या काळात हजारो डॉक्टरांनी परत नर्सिंगचा कोर्स केला, कारण घर चालायचं ते त्यानं. आणि त्याच देशात डोंगरातल्या, बेटांवरच्या नगरपालिकांना डॉक्टर नाही म्हणून सरकारनं १९९३ ला "डॉक्टर्स टू द बॅरिओज" नावाची योजना काढली, दोन वर्षं आडगावात जायचं. आमच्या बरोबरची एक सीनियर गेली होती, होडीनं जायचं, औषधं पण होडीनं. करोनात तर अजून वाईट, अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण ४ टक्के, पण पहिल्या काही महिन्यांत मेलेल्या नर्सेसमध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांचा. पुढं उभं कोण होतं ते यावरनं कळतं.

म्हणून मला विचाराल तर, वेस्ट व्हर्जिनियातल्या गावाला डॉक्टर नाही हे खरं, पण जतला तरी कुठं आहे? भाचीनं एक वर्ष काढलंय तिथं, तिला हे माहीत आहे. तिनं जाऊ नये असं म्हणत नाही मी, माझ्या बॅचची निम्मी मुलं कुठं कुठं आहेत. फक्त त्या डॉक्टरांना तिनं एकदा विचारावं की तुमच्या स्वतःच्या गावात आता डॉक्टर कोण आहे. मी माणमध्ये का आहे याचं कारण मला दावावच्या सरांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

मिरजेची_सिस्टर

सर्वांना नमस्कार. मी ३४ वर्षे मिरजेत नर्स होते, आता नात टाइप करून देत आहे.

परका डॉक्टर लहान गावात कसा राहतो हे विचारायला मामांना अमेरिकेत जायची गरज नाही. सांगलीहून मिरजेला येताना वानलेसवाडी लागते, ते नाव कोणाचे? डॉ. विल्यम वानलेस, कॅनडात जन्मलेले, १८८९ ला इकडे आले, १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल उभे केले. १९२८ पर्यंत इथे. पुढे सर झाले, १९३३ ला तिकडे कॅलिफोर्नियात वारले. त्यांनी क्षयरोगाचे सॅनिटोरियम काढले त्या जागेला आजही लोक त्यांच्या नावाने ओळखतात, रिक्षावाला सुद्धा म्हणतो, तो माणूस कोण होता हे माहीत नसताना.

माझ्या आजीचे बाळंतपण त्या दवाखान्यात झाले होते. तिच्या सासूने आधी विरोध केला, गोऱ्या माणसाने हात लावायचा नाही म्हणून. आजी सांगायची की साहेब दाराबाहेरूनच मराठीत बोलले, सासूशी, आजीशी नाही. काय बोलले ते आजीला आठवत नव्हते. सासू उठून बाजूला झाली एवढे आठवत होते.

मी एवढेच लिहिते की मामांच्या भाचीने त्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी आधी बोलावे. डॉक्टर कोणाला म्हणायचे ते त्या ठरवतात. आणि आक्कांना माझा नमस्कार सांगा. माझी एक मुलगी बाहेरच आहे.

विश्रामबागचा_मामा

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. मी हे सगळं छापून घेतलं, हरभट रोडवर, आणि आक्काकडं गेलो. तिला चष्म्यानं मोबाइलवर वाचता येत नाही. गलाईवाल्या दादांचं वाचताना ती मध्येच उठून आत गेली, मग पाणी पिऊन आली आणि म्हणाली पुढं वाच.

भाचीशी काल बोललो. वाईच्या ताईंनी सांगितलेलं तिनं सगळं लिहून घेतलंय. रजेवर गेल्यास बदली डॉक्टर कोण आणणार ही ओळ करारात नव्हतीच, तिनं मागितलीये, त्यांनी अजून हो म्हटलं नाही. ते हो म्हटल्याशिवाय सही करायची नाही असं आमचं तिघांचं ठरलंय. म्हातारे डॉक्टर पहिलं वर्षभर मंगळवार आणि गुरुवार बसणार आहेत, ते त्यांनी आधीच ठरवलं होतं.

दादा, तुमचा घराचा प्रश्न तिनं विचारला. त्यांनी बांधलं होतं, १९८८ ला. आता त्यात धाकट्या बहिणीची नात राहते आणि ती डॉक्टर आहे, सरकारी, तिथल्याच तालुक्याला. माणच्या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आलं. तिचं शिक्षण यांनी केलं. डॉक्टर म्हणाले की पाच वर्षांत परत जाणार होतो तेव्हा जे करायचं ठरवलं होतं ते ती करतीये, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत असं भाची म्हणाली.

लग्नाचं साताऱ्याच्या ताई म्हणतात ते तिला पटलं पण त्यावर ती माझ्याशी बोलायला तयार नाही, आईशी बोलली. काय बोलली मला माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. रविवारी भाचीनं आक्काला व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांच्या बायकोशी बोलायला दिलं, भाची मध्ये दुभाषी. त्यांच्या पण खिडकीत कुंडीत शेवगा आहे! आक्कानं आपल्या परसातलं झाड दाखवलं, त्या बाई बघतच राहिल्या, एवढं मोठं झाड त्यांनी किती वर्षांत बघितलं नव्हतं. दोघी पाल्याबद्दल पाऊण तास बोलल्या, भाचीला पाल्याचं इंग्रजी संपलं. आक्कानं अजून हो म्हटलेलं नाही. पण आज सकाळी ती सुपात पाला घेऊन सावलीत वाळवायला बसली होती आणि मला विचारत होती की वाळलेला पाला पाकिटात घालून अमेरिकेला नेता येतो का, की विमानतळावर काढून घेतात. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा, भाची डिसेंबरात येऊन जाणार आहे.